शेवटचा हात कुणाचा

"पाखरेला वगळा," मी म्हणाले.

घोसाळकर सरांनी पोह्यांतली मिरची वेचून ताटाच्या कडेला ठेवली आणि मग माझ्याकडे पाहिलं. खोपोलीजवळच्या त्या शिबिराच्या भोजनगृहात सकाळी आठ वाजता आम्ही तिघंच होतो. सर म्हणजे आमच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक, सबनीस साहेब मालकांच्या वतीने कारभार पाहणारे व्यवस्थापक, आणि मी संघाची आकडेवाली. शिबिरात खेळाडू एकोणीस होते आणि लीगच्या यादीत जागा अठरा. यादी दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची होती.

"एवढं सरळ?" सरांनी विचारलं.

"आकडे सरळच आहेत, सर. गेल्या हंगामात पाखरेच्या अकरा पकडी यशस्वी, त्रेचाळीस फसलेल्या. अख्ख्या लीगमध्ये इतकं वाईट कुठल्याच कव्हरचं नाही. वाळंजच्या नऊ यशस्वी आणि चारच फसलेल्या. वाळंज तेवीसचा, पाखरे बत्तीसचा."

"झालं तर मग," सबनीस साहेब म्हणाले आणि चहा ओतून घ्यायला उठले. निर्णय लवकर झाला की त्यांची भूक वाढायची.

सर मात्र उठले नाहीत. ते अलिबागकडचे. मुलीबाळींना ते 'बाय' म्हणत, आणि मी अठ्ठावीस वर्षांची घोडी असले तरी त्यातून माझी सुटका नव्हती.

"बाय, तुझा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण पाखरे मॅटवर नसला की मला बाकावर बसवत नाही. पोटात गोळा येतो. का येतो ते सांगता येत नाही. तू शोधून सांगशील काय?"

"आकड्यांत नसेल तर शोधू कुठे, सर?"

"ते मला कळलं असतं तर तुला पगारावर कशाला ठेवली असती?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी इथे आले होते, आणि हे गृहस्थ मला त्यांच्या पोटातला गोळा मोजायला सांगत होते. पण माझा एक जुना रोग आहे. कुणी 'का' म्हटलं की मला अन्न गोड लागत नाही. इचलकरंजीत लहान असताना शेजारचा माग रोज चारच्या सुमारास बंद का पडतो हे बघायला मी भिंतीवर चढले होते, आणि हनुवटीला तीन टाके घालून घेतले होते. माग चहासाठी बंद व्हायचा. तरी त्या टाक्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही.

कबड्डी ज्यांनी लांबूनच पाहिली असेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं सांगते. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा पकडायला झेप घेतो तो कोपऱ्यावरचा खेळाडू. त्याच्या मदतीला येऊन चढाईवाल्याला मध्यरेषेपर्यंत पोहोचू न देणारा, तो कव्हर. आता बहुतेक संघांत कव्हर थोडा लांब उभा असतो. घोसाळकर सरांची पद्धत जुनी होती. आमचा कव्हर कोपऱ्याला लागून, त्याचा हात हातात धरूनच उभा राहायचा.

आमचा उजवा कोपरा म्हणजे राजवीर सांगळे. बावीस वर्षांचा, नाशिककडचा, संघातला सगळ्यांत गाजलेला खेळाडू. त्याच्या एक्कावन्न यशस्वी पकडींची जाहिरातसुद्धा झाली होती. त्याच्या शेजारी उभा राहायचा तो जोतिराम पाखरे, पन्हाळ्याच्या बाजूचा, जाड मानेचा आणि कमी बोलणारा. गेल्या हंगामात बोट मोडल्यामुळे पाखरे बावीसपैकी पाच सामने बाहेर होता, आणि तेव्हा त्याच्या जागी वाळंज उभा राहिला होता.

दुपारी मी ते पाच सामने वेगळे काढले. त्यांतले चार आम्ही हरलो हे मला पाठ होतं. पाठ नव्हतं ते वेगळंच. राजवीरच्या हंगामभरात फसलेल्या पकडी एकोणीस. त्यांतल्या चौदा या पाच सामन्यांत होत्या. उरलेल्या सतरा सामन्यांत मिळून फक्त पाच!

गेल्या वर्षी मी त्यापुढे पेन्सिलीने 'खांदा दुखावला असावा' असं लिहून मोकळी झाले होते. आता ते वाचून माझं मलाच हसू आलं. खांदा बरोबर पाखरेचं बोट मोडतं तेव्हाच दुखतो आणि बोट बरं झालं की बरा होतो, हे कुठलं शास्त्र? आणि दुसरं असं की इतका वाईट खेळणारा कव्हर बाहेर बसला, तर संघ सुधारायला हवा होता. तो हरत होता.

मी चित्रफिती पुन्हा लावल्या. आधी मी पकड सुटते तिथून पाहायचे आणि नोंद करायचे. या वेळी पाच सेकंद मागून पाहायला लागले. चढाईवाला उजवीकडे शिरतो, राजवीर घोट्यावर झेप टाकतो, हात निसटतो, चढाईवाला वळतो आणि पाखरे त्याच्यावर जाऊन पडतो. कधी रोखतो, कधी त्याच्याही हातून सुटतं. सुटलं की नोंद पाखरेच्या नावावर. पुढची चित्रफीत तशीच, त्याच्या पुढचीही तशीच. त्रेचाळीसपैकी एकतीस वेळा आधी राजवीरचा हात सुटलेला होता.

नोंद पाखरेच्या नावावर का? कारण तसा नियम होता. आणि तो नियम कुणी केला होता? मी.

यशस्वी पकडीचा गुण लीगचे पंच पहिल्यांदा धरणाऱ्याला देतात, ते आमच्या हातात नव्हतं. फसलेल्या पकडीचं खातं मात्र मीच ठेवायचे. माझ्या प्रोग्रॅममध्ये नावासाठी एकच चौकट होती. चार जण झोंबलेले असताना नाव कुणाचं घालायचं? हंगामाच्या पहिल्याच दिवशी, चहा थंड होईपर्यंतच्या वेळात, मी ठरवून टाकलं होतं की ज्याच्या हातून शेवटी सुटला त्याचं. म्हणजे जमलं तर पहिल्या हाताचं नाव, फसलं तर शेवटच्या हाताचं. पाखरे कायम दुसरा यायचा. जमलं तरी त्याचं नाव नाही, आणि फसलं की हमखास त्याचंच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फासाची दोरी मी वळलेली.

मग मी वाळंजच्या चित्रफिती पाहिल्या. राजवीरचा हात सुटला की वाळंज दोन पावलं मागे सरायचा. तो लबाड नव्हता. त्याला कुणीतरी शिकवलं होतं की एक बाद होतोय तर दुसऱ्याने वाचावं. तो हातच घालत नव्हता, म्हणून त्याच्या हातून काही सुटतही नव्हतं. आणि सकाळी हेच मी गुण म्हणून वाचून दाखवलं होतं.

चार वाजता सराव होता. माझा चेहरा बघूनच राजवीर म्हणाला, "ताई, कुणाची शाळा घ्यायला आलात?"

"पाखरेंची. मला एक विचारायचंय," मी पाखरेकडे वळले. "राजवीर झेप टाकतो त्याच क्षणी तुम्ही हललेले असता. त्याच्या मागून नाही, त्याच्याबरोबर. चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली मी. तुम्हाला आधी कळतं कसं?"

पाखरे गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. "कळतंय म्हंजे... त्ये सांगाय येत न्हाई, मास्तरीणबाई."

"सर पण हेच म्हणाले. सांगता येत नाही, सांगता येत नाही! मग मी लिहू काय?"

"लिवायचं कशाला? या हिकडं. उभारा माझ्या शेजारी."

मॅटवर एकदम हशा पिकला. मी नको नको म्हणेपर्यंत कुणीतरी माझा चष्मा काढून घेतला, आणि मी राजवीरच्या जागी, उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. राजवीर चढाईला आला. "ताई, हळू येतो हां," म्हणाला, आणि मुळीच हळू आला नाही.

पाखरेने माझा हात धरला होता. खरखरीत, कोरडा पंजा. राजवीर डावीकडे गेला तेव्हा तो हात सैल होता. वळून आमच्या बाजूला शिरला तरी सैल. त्याने पाय टाकला आणि घेतला, टाकला आणि घेतला. मला वाटलं, आता जावं. हात सैलच. पुन्हा वाटलं, आता तरी. तेवढ्यात माझी बोटं कचकन दाबली गेली आणि हात सुटला, आणि मी गेले.

'गेले' हेच खरं. ठरवून गेले नाही. माझ्या बोटांना राजवीरचा बूट लागला, निसटला, आणि माझी हनुवटी मॅटवर आपटली. वर पाहते तो राजवीर आडवा, त्याच्या कमरेला पाखरेची मिठी, आणि मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर लांब.

"पकड!" वाळंज टाळ्या वाजवत ओरडला. "कुणाची लिहायची?"

"ताईंची," राजवीर पडल्या पडल्या म्हणाला. "पहिला हात ताईंचा!"

सगळे खिदळले. मीही हसले, पण माझ्या अंगावर काटा आला होता. मी कबड्डीचा क सुद्धा न खेळलेली बाई, आणि पंचांच्या नियमाने ती पकड माझी होती.

बाकीचे पाणी प्यायला गेल्यावर मी मॅटवरच बसून राहिले. पाखरे माझा चष्मा घेऊन आला.

"लागलं न्हाई न्हवं?"

"हात तुम्ही दाबलात," मी म्हणाले.

"दाबलं म्हणून तर गेलासा."

"राजवीरचाही असाच दाबता? दर वेळी?"

"दर येळेला. त्याचं ध्यान गड्याच्या पायावर. गड्याचा खांदा, कंबर, त्ये मी बघतोय. खांदा वळला की दाबायचं. पंधरा वर्सं झाली, आता हात आपला आपण दाबतोय."

चित्रफितीत हे दिसणं शक्यच नव्हतं. दोन पंजे एकमेकांत अडकलेले, त्यांच्या आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला काय कळणार?

"पाखरे, माझं चुकलंय," मी म्हणाले आणि एका दमात सगळं सांगितलं. शेवटच्या हाताचा नियम, एकतीस वेळा आधी सुटलेला राजवीरचा हात, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "तुमचा कागद दर आठवड्याला फळ्यावर लागायचा. म्या वाचलेला हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बराबरच हाय त्यो. दाबलं कुणी? म्या. कवा लवकर दाबलं, कवा उशिरा. म्या दाबलं म्हणून पोरगं गेलं आन् फसलं. मग नाव कुणाचं लागणार?"

माझा अख्खा दुपारचा शोध त्याने उलटा करून माझ्यापुढे ठेवला होता. मी त्याच्यावर अन्याय केला म्हणत होते, आणि तो म्हणत होता की चूक त्याचीच.

"असं असेल, तर जमलेल्या पकडीही तुमच्याच," मी म्हणाले.

"त्या पोराच्या. घोट्यावर उडी त्यो टाकतोय. नाक त्याचं फुटतंय." तो हसला, आणि मग हसू विझलं. "माझं नाव गेलं न्हवं यादीतनं?"

सांगायचं धाडस होत नव्हतं, पण त्या माणसापुढे खोटंही बोलवेना. "हो. सकाळी मीच सांगितलं तसं."

त्याने पट्टीचं टोक सोडवलं, पुन्हा गुंडाळलं.

"बत्तीस झालं. आता गेलो तर परत कोण बोलवायचं न्हाई," तो म्हणाला. "त्याचं वाईट वाटतंय. वाटणारच की. खेळल्याबिगर मला दुसरं काय येतंय?" मग विचारलं, "पोरासंगं कोण उभारणार? वाळंज?"

"हो."

"चांगलं पोरगं हाय. फकस्त त्याला म्हणावं, दाबल्यावर मागं सरू नगंस."

"मी उद्या सगळं सांगणार आहे. ते एकतीस आकडे मांडणार आहे," मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्ये तेवढं करू नगा. पोराच्या नावापुढं त्या एकतीस लावल्या तर त्यो उडी टाकताना कागद आठवंल. कोपरा एकदा भ्याला की सात जणांची पकड गेली. मला काढलं तर एकटा मी गेलो. त्यापरास तेच बरं."

राजवीर पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होता. पाखरे उठला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालून मॅटवर गेला.

शनिवारी सकाळी मी चार तास बसले. एकतीस मांडले तर राजवीर जातो, नाही मांडले तर पाखरे. डोकं पिकलं. शेवटी मी तो नावांचा रकानाच उडवला. माणसं मोजायची नाहीत, हातात हात घालून उभे असतात त्या जोड्या मोजायच्या. मोजून झाल्यावर मी तो कागद तीनदा तपासला, कारण एकदा तोंडावर पडलेल्या माणसाने तपासायलाच हवं.

साडेअकराला मी तो सर आणि सबनीस साहेबांपुढे ठेवला.

"काल मी दिलेला सल्ला चुकीचा होता. फसलेल्या पकडींचा नियम मी केला होता आणि तो वाईट होता," मी म्हणाले. "हा नवा कागद. राजवीर आणि पाखरे या जोडीकडे गडी शिरला, तर शंभरात चोपन्न वेळा परत गेला नाही. राजवीर आणि वाळंज, शंभरात पस्तीस."

सर कागदावर वाकले. सबनीस साहेब वाकले नाहीत.

"काल चोवीस तासांपूर्वी एक सांगितलंत, आज दुसरं. उद्या तिसरं सांगाल."

"सांगेन, चुकलं असं कळलं तर."

"बरं. या जोडीच्या फसलेल्या किती?"

"अठ्ठेचाळीस."

"त्यांत राजवीरच्या किती?"

"जोडीच्या अठ्ठेचाळीस, साहेब."

"मी राजवीरच्या विचारतोय."

"आणि मी जोडीच्या सांगतेय. वेगळ्या काढता येत नाहीत. हात धरून उभे असतात ते." सरांनी कागदावरून मान वर केली. मी राजवीरला झाकतेय हे त्यांना बहुतेक कळलं.

सबनीस साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, मालकांना जोड्या कळत नाहीत. त्यांना नाव लागतं. बत्तीस वर्षांचा, सगळ्यांत वाईट आकड्यांचा माणूस मी यादीत घालायचा, तेवीसचा बाहेर ठेवायचा, आणि उद्या आपण हरलो तर त्यांना कुणाचं नाव सांगू? घोसाळकरांचं? त्यांचा करार यंदा संपतोय."

सरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मीच बोलून गेले होते.

"माझं सांगा."

हेही ठरवून बोलले नव्हते. बोलून झाल्यावर घरभाडं, आईबाबा, सगळं आठवलं.

"लेखी द्याल?" सबनीस साहेबांनी विचारलं.

मी त्या कागदाच्या खाली 'ही शिफारस माझी' असं लिहून सही केली, पल्लवी हुपरीकर. सरांनी अठराव्या ओळीत जोतिराम पाखरेचं नाव घातलं. यादी गेली तेव्हा बाराला दहा मिनिटं होती.

वाळंजला सांगायला सर निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. तो बॅगेवर बसला होता. त्याने सरांचं ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, "ताई, माझे आकडे तर चांगले होते ना?"

"चांगले होते," मी म्हणाले. त्याला देण्यासारखं दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि नऊ वर्षं झाली तरी अजून सापडलेलं नाही.

हंगामातले पहिले तीन सामने आम्ही हरलो. तिन्ही वेळा मालकांचा फोन मला आला, आणि तिन्ही वेळा मी तो उचलला. चौथ्या सामन्यानंतर फोन वाजला नाही. बिघडला तर नाही ना म्हणून मी तो दोनदा बंद करून सुरू केला.